साहेबाच्या घोड्याचं गवत

शेंदरीवाडीत सरकारी साहेब आला, की त्याला शाल-नारळ मिळत नाही. गावातली एक बाई पुढे येते, त्याच्या पायाशी गवताची पेंडी टाकते आणि माघारी फिरते. बिचारे साहेब तो मान समजून फोटो काढून घेतात. त्यांना कोण सांगणार!

असे सांगतात, की गोऱ्या साहेबाने डोंगरावरची चराई बंद केली, तेव्हा हैबती नाईकाने आसपासच्या वाड्यांची गुरं दिवसाढवळ्या रानात घातली. साहेबाने त्याला धरलं आणि तुरुंगात नाही, गुरांच्या कोंडवाड्यात डांबलं. शेणात बसवलं, अन्न तोडलं. वाड्यावाड्यांतून माणसं घोंगड्यांखाली कोयते लपवून जमू लागली, पण पहिला हात उचलायला कुणी धजेना. नाईक ताठ राहतो की वाकतो, इकडे सगळ्यांचे डोळे.

साहेबाने ते बरोबर ओळखलं. नाईक सरकारचं ऐकणार नाही, बायकोचं ऐकेल. म्हणून त्याने अट घातली: नाईकाने सर्वांदेखत दाती तृण धरून शरण यावं, आणि ते तृण बायकोनेच त्याच्या तोंडात द्यावं. तर सुटका, नाहीतर फास. मेल्याला आपले रिवाज बरे ठाऊक!

नाईकाची बायको ठकू गवताची मूठ घेऊन कोंडवाड्यात शिरली. नवऱ्याच्या बरगड्या वर आलेल्या. तो जिता घरी यावा, एवढंच तिला हवं होतं.

नाईक म्हणाला, "ठके, तुझ्या हातचं हाय, मी न्हाई म्हननार न्हाई. पर मंग डोंगर त्यांचा."

ती रडली म्हणे, भर लोकांत, मोठ्याने. मग डोळे पुसून बाहेर आली आणि ती मूठ तिने साहेबाच्या घोड्यापुढे धरली.

"गवात जनावरानं खावं, सायेब. मान्सानं न्हाई."

घोडा खाऊ लागला. आधी कुणीतरी एक हसलं, मग सगळा जमाव. साहेब लालबुंद झाला. त्याच संध्याकाळी त्याने नाईकाला आंब्याला टांगलं, आणि मग डोंगरभर कोंडवाडे फुटले, चौक्या पेटल्या.

भावकीतल्या बाया ठकूचं कुंकू पुसायला आल्या, तेव्हा ती त्यांच्यावर उसळली. "माझा धनी सायबानं मारला न्हाई. म्या दिलाय त्यो डोंगराला. माझ्या कपाळाला हात लावाल तर याद राखा!"

आजही पेंडी टाकायचा मान विधवेचाच असतो. त्या दिवशी ती कपाळभर कुंकू लावून येते, आणि तिला अडवायची गावात कुणाची छाती होत नाही.