काचेवरचे दोन चरे

“मग मामा, दवाखान्यातली टाकी आता माझ्या हाती देणार ना?”

श्रीरंगने हे विचारलं तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत गुलाबी पावडरीने माखले होते. तीन दिवस तो माशांच्या एका जुन्या टाकीची काच घासत होता. ही छोटी जमली, तर मुलांच्या दवाखान्यातली चरे पडलेली सहा फुटी टाकी तू एकट्याने नीट करायची, असं याकूबमामांनी कबूल केलं होतं. त्या एका शब्दासाठी गडी आठ महिने त्यांच्या हाताखाली राबला होता.

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ते काचेजवळ वाकले.

“क्षारांचा पांढरा थर कशाने काढलास?”

“व्हिनेगरने. कागद भिजवून चिकटवून ठेवला. पातं लावलं नाही.”

“छान केलंस.”

श्रीरंग पुढे सरसावला.

“आणि बाहेरचा चरा? नखाला लागत होता. आता शोधून दाखवा.”

मामांनी नख फिरवलं. ते कुठेच अडलं नाही.

“आतल्या बाजूचा तेवढा राहिलाय,” श्रीरंग घाईने म्हणाला. “दोन दिवस द्या, त्याचाही निकाल लावतो.”

मामांनी टाकीत बादल्यांनी पाणी ओतलं आणि आपल्याजवळचा एक तांबडा मासा अलगद आत सोडला.

मासा काचेलगत निघाला. श्रीरंगने घासलेल्या जागेमागे आला मात्र, त्याची पाठ वाकडी झाली, अंग आखडलं. पुढे सरकला आणि पुन्हा होता तसा झाला.

“माशाला काय झालं?”

“माशाला काही झालेलं नाही.”

श्रीरंगने काचेवर तळवा ठेवला. चरा होता तिथे आता उथळ खळगा होता, आणि त्यातून पलीकडचं सगळं वाकडं दिसत होतं.

“कुठे कुठे घासलंस?”

“चऱ्यावरच. नेमकं त्याच्यावर.”

“आणि आजूबाजूला?”

“तिथे कशाला? तिथे काही नव्हतंच...”

गेली टाकी हातची. मामांची नजर चुकवायला त्याने खाली, काचेच्या कोपऱ्यात डोळे लावले. आणि तसाच गुडघ्यांवर बसला.

“मामा, आतला चरा कुठाय?”

“मला काय विचारतोस?”

“इथेच होता. वीतभर. मी त्याला हातसुद्धा लावला नाही.”

“मग?”

श्रीरंगने मगाने पाणी उपसलं. पाणी उतरलं तिथे चरा उघडा पडला. पाणी पुन्हा ओतलं, चरा दिसेनासा झाला. त्याने पुन्हा उपसलं, पुन्हा ओतलं. सदरा छातीपर्यंत भिजला, लादीवर तळं झालं, आणि हा बाप्या लहान पोरासारखा हसत होता.

“पाण्यानेच भरला हो तो. मी दोन दिवस मागत होतो, याने दोन मिनिटं नाही घेतली.”

मामांची दाढी हलली. तेही हसत असावेत.

“पण मग मामा, कुठला चरा काढायचा आणि कुठला राहू द्यायचा, हे कळायचं कसं?”

याकूबमामा उठले. पावडरीचा डबा त्यांनी स्वतःच्या पिशवीत टाकला. मग आतल्या खोलीतून झाकणाची बादली आणली. आत दहा-बारा मासे सळसळत होते. बादलीची कडी त्यांनी श्रीरंगच्या ओल्या हातात दिली.

“दवाखान्यात जा. टाकी भर, आधी हे मासे सोड. आणि मुलांच्या मागे जाऊन बस. मासे बघताना त्यांच्या आड कुठला चरा येतो, ते बघ.”