दिवाणांच्या भिंतीवरचं कुंकू

गौरी दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या आणि वाड्यावरचं कुंकू पिवळट निघालं होतं. कुंकू करणारी चिमाक्का दरबारात मान खाली घालून उभी होती.

"हिला यंदा दुप्पट हळद दिली," दिवाण भगवंतराव म्हणाले. "हिने ती विकून खाल्ली, महाराज. हिला गावाबाहेर काढा."

चिमाक्काने ते कुंकू दोन वाट्यांत घेतलं. एकीत मूठभर हळद कालवली, तर ते आणखी पिवळं पडलं. दुसरीत चुन्याची निवळी ओतली, तसं ते लालभडक झालं.

"यात हळद अजून उरलीय, महाराज. कमी पडला तो चुना."

"दहा गोण्या चुना मी स्वतः मंजूर केला होता," महाराज म्हणाले.

"मग तोही हिनेच लंपास केला," दिवाण गुरगुरले.

चिमाक्काने ओल्या हळदीची वाटी महाराजांपुढे ठेवली. "यंदा चुन्याची भट्टी एकदाच लागली आणि ओला चुना दिसतोय तो फक्त दिवाणसाहेबांच्या नव्या माडीला. ही हळद त्या भिंतीला फासून बघा. माझं राहिलेलं कुंकू तिथेच होईल."

महाराज वाटी घेऊन उठले, तेव्हा दिवाणांचा चेहरा त्यांच्या भिंतीपेक्षा पांढरा पडला होता.