किल्ल्या चुकवणारा माणूस

"आंधळा असता तर त्यानं किल्ल्या चुकवल्या कशा, भन्ते?"

डॉक्टर प्रबोध गजघाटे संतापले होते. बूट न काढताच ते विहारात शिरले होते.

कवडू मेश्राम हा गवंडी. बांधकामाच्या परांचीवरून पडला, डोक्याला मागून मार बसला, आणि तेव्हापासून काही दिसत नाही म्हणू लागला. डोळे तपासले तर ठणठणीत. मग गजघाट्यांनी भर वॉर्डात त्याच्या तोंडावर अचानक किल्ल्या फेकल्या. कवडूनं झटकन मान बाजूला घेतली.

"नाटकी आहे," डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले. त्या एका शब्दावर सख्ख्या भावानं कवडूला घराबाहेर काढलं. आता तो विहारात राहत होता.

"अशा लबाडाला तुम्ही थारा देता?"

भन्ते विमलबोधी चीवर घेऊन भिक्खू होण्याआधी मेडिकल कॉलेजात शिकवत. गजघाटे त्यांचाच विद्यार्थी, वर्गात पहिला.

"डोळ्यातून मेंदूकडे वाटा किती?" भन्त्यांनी विचारलं.

"मी आता विद्यार्थी नाही—"

"किती?"

"अनेक. मोठी वाट मेंदूच्या मागच्या भागात जाते. आपल्याला दिसतंय, हे तिथं कळतं. एक लहान वाट आधीच फुटते. तिच्यानं नजर वळते, मान..."

"मान काय? बोल! त्याची मोठी वाट तुटली. लहान शाबूत राहिली. मग?"

"मग... दिसत नाही. तरी मान वळते." डॉक्टरांचा आवाज खाली आला, पण ताठा गेला नाही. "त्यानं तसं सांगायला हवं होतं!"

"जे त्याला स्वतःलाच ठाऊक नाही, ते?" भन्ते कडाडले. "चल!"

त्यांनी मनगट धरून डॉक्टरांना ओढतच बोधिवृक्षाच्या पारापाशी नेलं. कवडू तिथं एकटाच बसला होता.

माफीसाठी डॉक्टरांनी मुकाट्यानं हात पुढे केला.

कवडूची नजर शून्यात होती. तरी तो दचकून मागे सरला आणि कोपर आडवं धरून त्यानं तोंड झाकलं.

मग आपल्याच कोपराला त्यानं चाचपून पाहिलं. आपण असं का केलं, ते त्याला उमगेना.

"कोन हाय?" त्यानं विचारलं. "कोन हाय जी तिथं?"

डॉक्टरांनी भन्त्यांकडे पाहिलं. भन्त्यांच्या डोळ्यांतला राग तसूभरही ओसरला नव्हता.

"सांग त्याला," ते म्हणाले, "कोण आहेस ते."