ठकीची भवानी

एका राज्यात चिरेपेठ नावाचं एक जुनं गाव होतं. गावाला काळ्या दगडाची वेस होती, वेशीवर दोन दगडी हत्ती होते आणि वेशीच्या पायथ्याशी दर मंगळवारी माळव्याचा, म्हणजे भाजीपाल्याचा, बाजार भरत असे. शेतकऱ्यांनी पहाटे खुडावं, वेशीपाशी मांडावं आणि विकून सुखानं घरी जावं. तिथंच गेनबा आणि त्याची बायको ठकी आपल्या मळ्यातली वांगी विकत.

त्या बाजाराची एक रीत होती. माळवं घेतलं की वर काहीतरी मागायचं. चार मिरच्या म्हणा, कढीलिंबाची काडी म्हणा, कोथिंबिरीची मूठ म्हणा. मागणाऱ्यानं लाजायचं नाही आणि देणाऱ्यानं मोजायचं नाही.

एका मंगळवारी उजाडताच एक म्हातारा आला. त्यानं वांगी घेतली आणि म्हणाला, "बाबा, वर कोथिंबीर टाक." गेनबाचा बैल रात्री दावं तोडून पळालेला, त्यामुळे त्याचं डोकं फिरलेलं होतं. तो खेकसला, "फुकटचं मागायला लाज नाही वाटत?"

अरे गेनबा, जिभेला काही हाड? तो म्हातारा मांत्रिक होता ना!

मांत्रिक म्हणाला, "मागण्याची लाज काढलीस? मग ऐक. आजपासून या बाजारात भवानी होणार नाही. दिवसाची पहिलीच विक्री होणार नाही, मग दुसरी कुठली? ज्यानं जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही, असा माणूस इथं येऊन मागेल तेव्हाच भवानी होईल. तोवर तू होला पक्षी हो. दर मंगळवारी एकेक गोष्ट विसर. ज्या मंगळवारी बायकोला विसरशील, त्या दिवशी सूर्य मावळला की जन्मभर पक्षीच राहशील."

झालं! पागोटं खाली पडलं आणि गेनबा होला होऊन तागडीच्या दांडीवर बसला. बोलता येत होतं तेवढंच नशीब. बाजारात जो जे घेई, ते पिशवीत पडताच त्याचा धोंडा होई. वांग्याचा धोंडा, भेंडीचा धोंडा, मेथीच्या जुडीचासुद्धा धोंडा. गावात भाजीचा वास येईनासा झाला.

पुढच्या मंगळवारी होला बैलाचं नाव विसरला. त्याच्या पुढच्या मंगळवारी मळ्याची वाट विसरला.  ठकी पदर खोचून निघाली.

आधी ती सरदाराकडे गेली. म्हणाली, "सरकार, आपण कधी कुणाकडे काही मागितलंत?" सरदार मिशीला पीळ देत म्हणाला, "छे! फक्त जहागीर मागितली होती. आणि पालखी. आणि धाकट्या भावाची जहागीर." ठकीनं तिथूनच नमस्कार केला.

मग ती डोंगरावरच्या मौनीबुवाकडे गेली. त्यानं अन्न सोडलं होतं, वस्त्र सोडलं होतं, बोलणंही सोडलं होतं. ठकीनं विचारलं. बुवानं पुष्कळ विचार केला आणि शेवटी मौन मोडून म्हणाला, "लहानपणी आईकडे गूळ मागितला होता, माय." त्याचे डोळे भरून आले. ठकीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ती डोंगर उतरली.

उरला राजा मानसेन. ठकी दरबारात उभी राहिली.

"महाराज, आपण कधी कुणाकडे काही मागितलंत?"

"आम्ही मागत नाही. आज्ञा करतो."

"आणि लहानपणी?"

"आम्ही रडायच्या आधीच दाई हजर असे."

"मग महाराज, मंगळवारी बाजारात येऊन काहीतरी मागा, म्हणजे शाप सुटेल."

राजाच्या मुदपाकखान्यातही वांगी नव्हतीच. नुसतं वरण खाऊन राजा विटला होता. तो आला.

मंगळवार उजाडला. ठकी होल्याला म्हणाली, "धनी, आज राजा यायचाय." होल्यानं मान तिरकी केली. म्हणाला, "बाई, तू कोण?"

काय वाटलं असेल हो तिला! तरी तिनं डोळे पुसले आणि वांगी मांडली. वाजतगाजत सवारी येईपर्यंत ऊन कलतीला लागलं. राजा तागडीपुढे उभा राहिला आणि गरजला, "वांगी हाजिर कर!" वांगी पिशवीत पडली आणि त्यांचे धोंडे झाले. राजा पुन्हा गरजला, "वर कोथिंबीर टाकावी, अशी आमची आज्ञा आहे!" कोथिंबिरीचाही धोंडा झाला. तो पिशवीतून उसळून राजाच्या जोड्यावर पडला, अंगठा ठेचला. भालदार-चोपदार जमिनीकडे बघू लागले.

सूर्य वेशीच्या हत्तींमागे गेला; मावळायला थोडाच अवकाश उरला. ठकीचा धीर सुटला. ती मटकन खाली बसली आणि सगळ्या बाजारादेखत हमसून हमसून रडू लागली. "आता कुणाशी भांडू मी? घरी जाऊन कुणासाठी भाकरी थापू?"

राजानं होल्याला दरडावलं, "पक्ष्या, हिला ओळख! राजाज्ञा आहे!" होल्यानं पंख झाडले आणि मान वळवली.

आपल्या आज्ञेनं काहीच होत नाही, हे राजानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. छत्र बाजूला सारून तो धुळीत, ठकीच्या समोर उकिडवा बसला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "बाई," तो म्हणाला, "मागायचं कसं असतं, ते आम्हाला ठाऊक नाही. सांगतेस का मला? एवढं कर."

आणि बोलता बोलता त्याचा हात तिच्यापुढे पसरला. त्याचं त्यालाही कळलं नाही.

ठकी रडायची थांबली. "अहो महाराज," ती म्हणाली, "मागितलंत की!"

राजाच्या पिशवीत काहीतरी हललं. त्यानं आत हात घातला, तर देठाचा काटा बोटाला टोचला. वांगीच होती, जांभळी, लुसलुशीत. भवानी झाली! बाजारभर एकच गलका उठला. धोंड्यांची मेथी झाली, भेंडी झाली. बाया पिशव्या घेऊन धावल्या आणि अंधार पडायच्या आत दर पाडून मागू लागल्या. भांडणंसुद्धा सुरू झाली. इतकी गोड भांडणं त्या गावानं कधी ऐकली नव्हती.

आणि तागडीवरून गेनबा धपकन कांद्याच्या ढिगात पडला. पागोट्याशिवाय.

गर्दीतून तोच म्हातारा पुढे आला. गेनबानं कान पकडले, दोन मुठी कोथिंबीर त्याच्या झोळीत घातली आणि चार मिरच्याही टाकल्या. मांत्रिक हसला, मिरची चावत वेशीबाहेर गेला. राजा ठेचलेल्या अंगठ्यानं लंगडत, पिशवी स्वतःच्या हातात धरून महालाकडे निघाला.

ठकी गेनबासमोर उभी राहिली. 

"माझं नाव सांग," ती म्हणाली.

"ठकी. दुसरं काय असणार?"

"परत सांग."

"ठकी."

बाजार उठेपर्यंत ती हेच विचारत राहिली. एरवी दुसऱ्या खेपेला वैतागणारा गेनबा त्या संध्याकाळी दर वेळी नीट, सावकाश सांगत राहिला.