साहेबांच्या गाडीतलं कूलंट

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या सरपोतदार साहेबांच्या जुन्या गाडीतलं, इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट रोज कमी होई, पण जमिनीवर थेंबही दिसत नसे. साहेबांनी बॉनेटखाली टॉर्च मारून निकाल दिला, "धरणांच्या गळत्या शोधण्यात माझी हयात गेली. ही गळती नव्हे. गेनबा, तू कूलंट भरतच नाहीस. उद्यापासून येऊ नकोस."

ड्रायव्हर गेनबाने चावी टेबलावर ठेवली. "नाही येत. पण साहेब, एकट्या उजव्या पायाला घाम येतो म्हणून औषध घेताय ना? तो बूट काढा."

पांढरा मोजा हिरवागार निघाला. साहेब रुबाबात पुढे ड्रायव्हरशेजारी बसत, आणि ज्यातून कूलंट फिरतं तो हीटर नेमका त्या पायाच्या वर होता.

गेनबाने चावी परत उचलली. "औषध बंद करा साहेब. हीटरचा पाइप बदलला की घाम थांबेल."