भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

एकदा एक तरुण प्रशिक्षक आपल्या वृद्ध गुरूंच्या दारात येऊन उभा राहिला. पंचगंगेच्या काठावरचं शहर ते. तिथं फुटबॉल हा नुसता खेळ नसतो. त्यावरून सख्खे भाऊ महिना महिना एकमेकांशी बोलत नाहीत. तरुणाचं नाव धैर्यशील, आणि एका कॉलेजचा फुटबॉल संघ त्याच्या हाती होता. गुरूंना सारं शहर वस्ताद म्हणे. लहानपणी धैर्यशीलच्या पायाशी चेंडू ठेवला तो त्यांनीच.

दुःख असं, की त्याचा संघ उत्तम खेळायचा आणि नेमानं हरायचा. पोरांचे पास बघत राहावेत, धावणं बघत राहावं, आणि शेवटी फळ्यावर बघावं तर गोल समोरच्यांचा. प्राचार्यांनी बोलावून, चहा पाजून, अतिशय गोड शब्दांत सांगितलं होतं की साखळीतला उरलेला सामना तरी जिंकला तर ठीक. नाहीतर पुढल्या वर्षापासून कॉलेजात फुटबॉल बंद. आता या संघापायी आसपासच्या गावांतली पोरं त्या कॉलेजात आली होती. त्यांना काय तोंड दाखवायचं, या विचारानं धैर्यशीलला जेवण गोड लागेना.

त्यानं सगळी कैफियत मांडली. नशीब वाईट, मैदान खराब, आणि पंच तर काय विचारूच नका. पराभूत माणसाजवळ कारणांचा तुटवडा कधीच नसतो. वस्तादांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एवढंच म्हणाले की उद्या सरावाला येतो, गुडघे दुखतात, तेव्हा बसायला खुर्ची ठेव.

दुसऱ्या दिवशी पोरं नवे मोजे घालून हजर. वस्ताद येणार म्हटल्यावर प्रत्येकाला आपली कला दाखवायची होती. मैदानाच्या कडेला, कुंपणाच्या भिंतीजवळ खुर्ची ठेवली होती. वस्ताद आले, खुर्ची उचलली, फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मैदानाकडे पाठ!

धैर्यशीलला वाटलं, उन्हाचा त्रास होत असेल. पण ऊन तर भिंतीकडूनच येत होतं. खेळ सुरू झाला. म्हातारा आपला भिंतीवरचं शेवाळ पाहतोय. इतक्यात चेंडू रेषेबाहेर गेला, पंचाचं काम करणाऱ्या पोरानं शिट्टी वाजवली, आणि वस्ताद खुर्चीतच वळून मैदान निरखू लागले. खेळ पुन्हा चालू झाला, की परत भिंत. संपूर्ण सराव असाच चालला. कर्णधार सोहेलनं तिघांना चकवून असा काही गोल केला की भिंतीपलीकडून जाणारे सायकलवालेही थांबले. वस्तादांनी तो पाहिलाच नाही. गोल झाल्यावर मात्र वळले, आणि सोहेल नाचत होता तेवढा वेळ बाकीच्यांकडे बघत राहिले.

पोरं आधी हसली, मग हिरमुसली. धैर्यशीलचा संताप अनावर झाला. गुरू झाले म्हणून काय झालं, चारचौघांत असा पाणउतारा करायचा? पोरं पाणी प्यायला गेली, तेव्हा तो खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला आणि खेळ पाहायचाच नव्हता तर आलात कशाला, असं त्यानं अगदी तोडून विचारलं.

वस्ताद जराही रागावले नाहीत.

"बस असा," ते म्हणाले. "चेंडू पळतो तेव्हा तुझी पोरं चांगली खेळतात, हे तूच सांगितलंस. तुझ्यावर विश्वास आहे, मग ते बघायचं कशाला? मी चेंडू थांबला की बघत होतो. एकजण बुटाची नाडी बांधायला बसतो. एकजण कट्ट्यावरच्या मित्राला विचारतो, मेसमध्ये आज काय आहे. फ्री किक मिळाली की ती कोण मारणार, तर म्हणे कर्णधाराचा मान. बाळ, हे काय लग्नातलं मानपान आहे? आणि तू काय करतोस, ठाऊक आहे? शिट्टी झाली की पंचाशी भांडतोस. तुझं बघून सगळी पोरं भांडतात. तुम्हाला वाटतं, चेंडू थांबला म्हणजे खेळ थांबला. समोरचा तेवढ्याच वेळात जागा धरतो आणि तुम्हाला हरवून जातो. शिकवलेलं तर सगळेच खेळतात, पण चेंडू थांबल्यावर कोण कुठं उभा आहे, त्यावरून संघ कळतो."

बसल्या जागी धैर्यशीलला सगळा मोसम आठवू लागला. पहिला पराभव झाला तो कॉर्नरवर, मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेल्या चेंडूवर; आपले दोघं तेव्हा 'तो कॉर्नर नव्हताच' असं पंचाला पटवत होते. त्यानंतरचा झाला झटपट मारलेल्या फ्री किकवर. आपला गोलरक्षक हातमोजे काढून घाम पुसत होता. त्यापुढचा तर साध्या थ्रो-इनवर. ज्याला तो नशीब म्हणत आला होता, ते सगळं चेंडू थांबलेला असतानाच घडलं होतं. कान गरम झाले त्याचे. आपणच पोरांना हे भांडण शिकवलं, ही गोष्ट त्याला फार लागली.

मग सराव पालटला. चेंडू पळवणं कमी, थांबवणं जास्त. शिट्टी झाली की तोंड बंद, आणि प्रत्येकानं आपली जागा गाठायची. कॉर्नर आपल्यावर आला, की सोहेलनं पुढून धावत मागं यायचं आणि गोलच्या खांबाला हात लावून उभं राहायचं. चेंडू मारला जाईपर्यंत हात खांबावरून सुटता कामा नये. पहिले काही दिवस पोरांना हे शाळेतल्या कवायतीसारखं वाटलं. नाकं मुरडली, कुरकुर केली. फ्री किकचा प्रश्न त्याहून नाजूक होता. थांबलेला चेंडू मारण्यात सरस होता भैरू पाटील. धावण्यात बेताचा, बचावात उभा राहणारा धिप्पाड गडी. पण त्यानं चेंडू मारला की तो सांगितलेल्या ठिकाणीच जायचा. इतके दिवस हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं, कारण मान सोहेलचा. धैर्यशीलनं विषय काढला तेव्हा सोहेलचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी सरावात फ्री किक मिळाली, तेव्हा त्यानंच चेंडू उचलून भैरूच्या हाती दिला आणि स्वतः जाऊन आपल्या जागेवर उभा राहिला. धैर्यशीलला भरून आलं.

निर्णायक सामन्याला गॅलरी खच्चून भरली होती. वस्ताद अगदी खालच्या पायरीवर बसले, तेही मैदानाकडे पाठ आणि प्रेक्षकांकडे तोंड करून. लोकांनी त्यांची यथेच्छ थट्टा केली. कुणी म्हणालं, आजोबा, मॅच इकडं न्हाई, तिकडं चाललीय. वस्ताद हसले आणि तसेच बसून राहिले.

पूर्वार्ध कोरा गेला. उत्तरार्धात धैर्यशीलच्या संघाला गोलपासून काही अंतरावर फ्री किक मिळाली. समोरचे खेळाडू पंचाभोवती गोळा झाले, हातवारे करू लागले. या वेळी त्या घोळक्यात धैर्यशीलचं एकही पोर नव्हतं. सगळी आपापल्या जागी. सोहेल बाजूला झाला, भैरू पुढं आला, शिट्टी झाली, आणि समोरच्या खेळाडूंची भिंत नीट उभी राहायच्या आत चेंडू जाळ्यात होता. भैरूला स्वतःचाच विश्वास बसेना. तो माफी मागितल्यासारखा सोहेलकडे पाहू लागला, आणि सोहेलनं त्याला मिठीच मारली.

आता एवढं राखायचं होतं. ते राखता राखता धैर्यशीलचा जीव अर्धा झाला. अगदी अखेरच्या क्षणी चेंडू रेषेबाहेर गेला आणि पंचानं समोरच्या संघाला कॉर्नर दिला. धैर्यशीलनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं, चेंडू त्यांच्याच खेळाडूच्या पायाला लागून बाहेर गेला होता. उघड उघड अन्याय! त्याचं पाऊल रेषेकडे पडलं, छाती भरली, शब्द जिभेवर आले. मैदानातली पोरं वळून त्याच्याकडेच पाहत होती. त्यानं एकदा हूं म्हटलं असतं, तर सगळीच्या सगळी पंचाकडे धावली असती.

त्यानं तोंड मिटलं. ओठ दातांखाली धरले आणि हातानं नुसती खूण केली: जागा.

पोरं वळली. सोहेल धावत मागं आला आणि त्यानं खांबाला हात लावला. चेंडू आला, गर्दीतून कुणाच्या तरी डोक्याला लागून नेमका त्या खांबाकडे वळला. गोलरक्षक दुसऱ्या बाजूला पडलेला. सोहेल तिथं होता म्हणून निभावलं. त्यानं रेषेवरून चेंडू लांब भिरकावला, आणि तो खाली पडायच्या आत सामना संपल्याची शिट्टी वाजली.

धैर्यशील मटकन खाली बसला. गॅलरी डोक्यावर घेतली होती लोकांनी, पोरं भैरूला उचलण्याच्या नादात स्वतःच पडत होती, आणि याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. केवढं मोठं ओझं उतरलं होतं. संघ राहिला. पोरं राहिली. किती दिवसांनी त्याला कडकडून भूक लागली होती.

डोळे पुसून तो वस्तादांकडे गेला, वाकून पाया पडला आणि थोडा भीत भीतच म्हणाला, "वस्ताद, शेवटचा कॉर्नर तरी बघितला का? सोहेलनं काय वाचवला!"

"चेंडू बाहेर गेला तेव्हा वळलो होतो," वस्ताद म्हणाले. "तू तोंड मिटलंस, ते बघितलं. मग परत पाठ केली."

"आणि कॉर्नर?"

"आता त्यात बघायचं काय राहिलं होतं?"

धैर्यशीलनं वस्तादांचा हात धरला आणि दोघं सावकाश पायरी उतरून पोरांकडे चालू लागले.

आपल्याही घरात, कचेरीत चेंडू अधूनमधून रेषेबाहेर जातोच. तेव्हा आपण कुठं उभे असतो आणि आपलं तोंड उघडं असतं की मिटलेलं, तेवढं ज्याचं त्यानं आठवून बघावं.