पितळी डब्याचं झाकण

भांडीकुंडी बोलत होती, तेव्हाची गोष्ट. सखोबा भोई गळाला रंगीत पिसं बांधून खोटी माशी करायचा आणि नदीतले मासे तिला फसायचे. मोराची, तितराची, कोंबड्याची पिसं तो एका पितळी डब्यात ठेवी. नवं पीस मात्र आधी आठ दिवस खिडकीत, कडक उन्हात, मगच डब्यात.

डब्याला आपल्या झाकणाचा भारी तोरा. पिसं खाणारी कसर रोज यायची, फट शोधायची आणि हात हलवत परत जायची.

एकदा बगळ्याचं पांढरंशुभ्र पीस आलं. दोनच दिवसांत ते कुरकुरलं, "डबेदादा, तुमच्यासारखं झाकण साऱ्या गावात नाही. तुम्ही असताना मी उन्हात का करपायचं?"

डबा फुगला. त्यानं झाकण उचलून पीस आत घेतलं आणि पुन्हा घट्ट मिटला.

काही दिवसांनी कुरतडल्याचा आवाज येऊ लागला. "आली वाटतं कसर!" म्हणत डब्यानं झाकण आणखी आवळलं.

"अरे, उघड! आवाज आतून येतोय!" पिसं ओरडली. डबा बाहेरच कान लावून बसला.

हंगामाच्या पहिल्या दिवशी सखोबानं जोर लावून झाकण काढलं. आत नुसत्या काड्या आणि भुकटी.

"मालक, देवाशपथ, कसरीला मी आत पाऊल टाकू दिलं नाही," डबा म्हणाला.

"खरंय त्याचं," खिडकीतून कसर म्हणाली. "मी फक्त बगळ्याच्या पिसावर अंडी घातली होती. आठ दिवसांच्या उन्हात ती करपलीच असती. आत घेतली ती त्यानंच."